मढी कशाला उकरतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाईला आले की दर खेपेला कुणीतरी विचारतंच, "त्या इंग्रजांच्या वाड्यातली मढी तू कशाला उकरतेस?"

उकरायला गेलेच नव्हते मी. दर शनिवारी इंग्लंडमधल्या त्या जमीनदारी घरात स्वयंसेवक म्हणून जायचे, आलेल्यांना महोगनीचा जिना आणि पूर्वजांच्या तसबिरी दाखवायचे. हे वैभव 'वेस्ट इंडिजच्या व्यापारातून' आलं, असं सांगायचे. कसला व्यापार, ते माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस म्हणत होते. खरं म्हणजे चार वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

मग एका रात्री युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गुलाममालकांच्या यादीत घराण्याचं आडनाव घालून पाहिलं. सापडलं. १८३३च्या कायद्यानं ब्रिटननं वसाहतींतली गुलामी बंद केली आणि २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही. त्यातल्या बहुतेकांना पुढे १८३८पर्यंत त्याच मळ्यांवर बिनपगारी राबावं लागलं. भरपाईसाठी काढलेलं सरकारी कर्ज पुरतं फिटलं २०१५ साली. तोवर मी तिथे आठ वर्षं कर भरत होते.

घराण्यातल्या शेवटच्या बाई मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. ऐंशी उलटलेल्या, माझ्यावर जीव. त्यांच्यापुढे मी जमैकातल्या १८१७च्या गुलामनोंदणीचं पान ठेवलं. नाव, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. तीन महिन्यांच्या एका मुलीपाशी बोट थांबलं. खूप वेळानं म्हणाल्या, "मी लहान असताना आजोबांनी बागेत एक पेटीभर कागद जाळले होते. मला वाटायचं, प्रेमपत्रं असतील."

आणि मग अगदी साधेपणानं विचारलं, "तुमच्या घरी नव्हती का अशी माणसं?"

मी फटकन "नाही" म्हणाले.

आमच्या वाड्यात परसाकडच्या अंधाऱ्या खोलीला अजून 'बटकीची खोली' म्हणतात. लहानपणी लपाछपीत मी तिथेच लपायचे. पेशवाईत कुणबिणी, बटकी म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जात, हे मी शाळेनंतर कधीतरी वाचलंही होतं. १८३३चा कायदा कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. त्या मुलखात कायदा यायला १८४३ उजाडलं. हे सगळं ठाऊक असून तोंडातून "नाही" आलं.

तुम्ही म्हणाल, ऊसमळ्यांची आणि आपल्या वाड्यांची बरोबरी कशी होईल? नाहीच होत. त्या रात्री बसमध्ये मीही स्वतःला हेच बजावत होते, आणि तरी मला त्या बाईंपुढे खोटं बोलल्याची लाज वाटत होती. २०२०मध्ये तिकडच्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामीशी असलेले संबंध जाहीर केले, तेव्हा तिकडचे लोकही चिडून, मढी कशाला उकरता, हा तुमचाच प्रश्न विचारत होते.

बाईंनी ते पान दिवाणखान्यात लावायला सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या तसबिरीखालीच.

मी गेल्या दिवाळीत काकांकडे दप्तराच्या पेटीची किल्ली मागितली. ते म्हणाले, "मोडी आहे सगळं, तुला काय कळणार?" मी गप्प बसले; सुटकाही वाटली, खोटं कशाला बोलू. जानेवारीपासून मोडी शिकते आहे. अक्षरं लागतात. किल्ली पुन्हा मागितलेली नाही.