उत्तरमेरूरचे तीस वॉर्ड आणि आत्याचा वॉर्ड नंबर तीन

महाबलीपुरम झालं, कांचीपुरमची देवळं झाली, साड्यांची खरेदी तर इतकी झाली की बॅगांच्या चेनी लागेनात. त्या सगळ्यावर नेटवर भरपूर लिहिलेलं आहे त्यामुळे मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते उत्तरमेरूरबद्दल, जिथे एका देवळाच्या भिंतीवर अकराशे वर्षांपूर्वीचे गावच्या निवडणुकीचे नियम कोरलेले आहेत, कारण कांचीपुरमपासून फक्त तीसेक किलोमीटरवर असूनही आमच्या ग्रुपमधलं कुणीही तिथे यायला तयार झालं नाही. "एक भिंत बघायला कोण जाणार उन्हात" असं म्हणून सगळे हॉटेलवर झोपले आणि आत्या आणि मी दोघीच एसटीसारख्या लाल नसलेल्या पण तितक्याच खडखडणाऱ्या बसमधे बसलो. बोर्ड सगळे तमिळमधे, कंडक्टरला "उत्तरमेरूर, कोविल" (म्हणजे देऊळ) एवढंच सांगितलं आणि त्याने अगदी आठवणीने उतरवलं, शिवाय रस्ता कुठला ते हाताने दाखवलं. तमिळनाडूत हिंदी चालत नाही म्हणून लोक घाबरवतात, आम्हाला सगळीकडे माणसं चांगलीच भेटली.

आत्याला सोबत नेण्याचं कारण होतं. आत्या आमच्या गावची ग्रामपंचायत सदस्य होती, वॉर्ड नंबर तीन, महिला राखीव. आता ना ती ग्रामपंचायत आहे ना तो वॉर्ड. ३० जून २०२१ ला पुण्याच्या हद्दीत जी २३ गावं घेतली त्यात आमचं गेलं. ग्रामपंचायत त्या दिवशी संपली, पुढच्याच वर्षी मार्चमधे महापालिकेचीही मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसला, म्हणजे नळाला पाणी आलं नाही तर ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असा निवडून दिलेला माणूसच गावाला उरला नाही. आत्याच्या दारात मात्र लोक येतच राहिले, "ताई, बघा ना काहीतरी" म्हणत, आणि तिच्याकडे सही नाही शिक्का नाही. हे सगळं मी घरातच बघितलेलं आहे.

तर उत्तरमेरूर. वैकुंठ पेरुमाळचं देऊळ अगदी छोटं आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. चपला काढून दगडावर पाय ठेवला तर चटकाच बसला. आत गर्दी वगैरे काही नाही, एक राखणदार आणि आम्ही. बघायचं ते देवळाच्या भिंतीवर. दगडावर ओळीच्या ओळी कोरलेल्या, जुन्या तमिळमधे, मधे संस्कृत शब्दांसाठी ग्रंथ लिपी. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले दोन लेख, एक इसवी सन ९१९ चा आणि दुसरा ९२१ चा. त्यात या गावाच्या सभेची निवडणूक कशी घ्यायची ते सगळं लिहिलंय. गावाचे ३० वॉर्ड (त्यांच्या भाषेत कुडुंबु), प्रत्येक वॉर्डातून एक माणूस.

मला जुनं तमिळ येत नाही, पण १८९८ मधे हे लेख अभ्यासकांच्या नजरेला पडले आणि नंतर त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, ते मी मोबाईलवर घेऊन गेले होते. भिंतीला सावली होती तिथे आत्या बसली आणि मी एकेक कलम तिला मराठीत सांगायला लागले. उभं राहायचं तर पाव वेलीपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दीडेक एकरच्या वर, सारा भरणारी जमीन पाहिजे. घर स्वतःच्या जागेवर पाहिजे. वय ३५ च्या वर आणि ७० च्या खाली. वेद येत असले पाहिजेत (वेद आणि भाष्य येत असेल तर जमीन निम्मी असली तरी चालेल). मागच्या तीन वर्षांत कुठल्याही समितीवर नसावा. इथपर्यंत आत्या नुसती हं हं करत होती.

मग आलं हिशेबाचं कलम. जो आधी समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिला नाही, तो बाद. आणि तो एकटा नाही. त्याचे मावसभाऊ बाद, आतेभाऊ बाद, मामेभाऊ बाद, मामा, चुलता, सख्खा भाऊ, सासरा, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा, सगळे बाद. मी वाचत होते आणि आत्या एकेका नात्याला बोट दुमडत होती, एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या हाताची संपली.

"हे आमच्याकडं लावलं असतं तर गावात उभं राहायला कोण उरलं असतं गं?" आत्या म्हणाली आणि मग गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण बरोबर आहे त्यांचं. पैसा एकटा खातच नाही कुणी, घरच खातं."

मला हे वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या कायद्यातही अपात्रतेची कलमं कमी नाहीत, घरपट्टी पाणीपट्टी थकवली तर अपात्र, सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर अपात्र, २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरं मूल झालं तर अपात्र, निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही तरी अपात्र. पण एक अपात्र झाला की बायको उभी राहते, ती नाही तर भाऊ, भाऊ नाही तर सून, आणि खुर्ची त्याच वाड्यात राहते. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून नेमकी हीच पळवाट बुजवली होती. म्हणजे त्या गावानेही हे सगळं भोगलेलं असणार, त्याशिवाय मामेभावापर्यंत यादी कोण कोरत बसेल? आणि दोन वर्षांत नियम पुन्हा लिहायला लागले होते हेही बघा, ९१९ च्या लेखात वयाची अट ३० ते ६० अशी आहे, ९२१ मधे ती ३५ ते ७० झाली, आणि दुसऱ्या लेखाचा हेतूच असा लिहिलाय की दुष्टांचा नाश व्हावा आणि बाकीच्यांचं भलं व्हावं. त्या दोन वर्षांत नक्कीच काहीतरी बिनसलं असणार असं मला वाटतं. खोटे कागद करणारा माणूस तर कायमचा बाद. गाढवावर बसवला गेलेलाही कायमचा बाद. हे ऐकून आत्याला काहीच नवल वाटलं नाही, गाढवावरून धिंड आपल्याकडेही माहितीच आहे.

चिठ्ठ्यांची पद्धत तर मी तिला दोनदा वाचून दाखवली. वॉर्डातल्या पात्र लोकांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची, वॉर्डावार जुडी बांधायची, जुडीवर वॉर्डाचं नाव, सगळ्या जुड्या एका मडक्यात. लहानथोर सगळी सभा बोलवायची, पुजारी हजर पाहिजेत, त्यातल्या सगळ्यात वयस्कर पुजाऱ्याने मडकं सगळ्यांना दिसेल असं वर धरायचं. आत काय आहे ते न कळणारं एक लहान पोर बोलवायचं, त्याने एक जुडी काढायची, ती सोडून दुसऱ्या रिकाम्या मडक्यात टाकून हलवायची, मग त्यातून पोराने एक चिठ्ठी काढायची. ती चिठ्ठी घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटं उघडी ठेवून तळहातावर घ्यायची. त्याने नाव वाचायचं, मग पुजाऱ्यांनी सगळ्यांनी तेच नाव परत वाचायचं, आणि मगच लिहायचं.

"बोटं उघडी," आत्या म्हणाली. "म्हणजे चिठ्ठी बदलायची सोय नाही."

आणि मग तिने सांगितलं की तिच्या वॉर्डाचं आरक्षण निघालं तेव्हाही असंच झालं होतं. शाळेच्या व्हरांड्यात विशेष ग्रामसभा, तहसीलचे साहेब, प्लास्टिकची बरणी, आणि चिठ्ठी काढायला तिसरीतली एक मुलगी. मुलीने चिठ्ठी काढली, साहेबांनी उघडून सगळ्यांना फिरवून दाखवली, वॉर्ड तीन महिला. आत्याचं म्हणणं, त्या दिवसापर्यंत ग्रामपंचायतीच्या ऑफिसात ती फक्त दाखला आणायला गेली होती, खुर्चीवर बसलीसुद्धा नव्हती.

इथे मला थांबायला लागलं. कारण आत्याने विचारलं, "मग यांच्या तीस वॉर्डात बायका किती?" एकही नाही. आणि हे गाव ब्राह्मणांना दान दिलेलं, त्यामुळे सभा जमीनदार ब्राह्मणांची. शेतात राबणारा, कूळ, मडकं घडवणारा कुंभार, यातल्या कुणाचंही नाव त्या मडक्यात पडणं शक्य नव्हतं. तिथली चिठ्ठी आधीच आत असलेल्यांमधून एकाला निवडत होती. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातली चिठ्ठी जे कधीच आत नव्हते त्यांना दार उघडत होती. दोन्हीकडे हात लहान पोराचाच, पण मला विचाराल तर दुसरी चिठ्ठी कितीतरी मोठी आहे, आणि ती १९९३ मधे लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे घराघरात पोचली, महाराष्ट्रात तर २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या.

रात्री जेवताना ग्रुपमधले एक काका म्हणाले की बघा, जगाला लोकशाही आपणच शिकवली. मी त्यांच्याशी भांडले, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. भिंत न बघता तिचा अभिमान बाळगणं मला चालत नाही. त्या भिंतीत अभिमान वाटावा असं खरंच आहे, हिशेबाचं कलम आहे, उघडी बोटं आहेत, फक्त ३६० दिवसांची मुदत आहे. पण कुणाला बाहेर ठेवलं तेही त्याच भिंतीवर तितक्याच स्पष्ट अक्षरात आहे, आणि अर्धंच वाचायचं असेल तर तिथे जायचा काय उपयोग.

निवडलेल्या तीस जणांतले १२ वार्षिक समितीवर जायचे, १२ बागांच्या आणि उरलेले ६ तलावाच्या. तलावाची वेगळी समिती म्हटल्यावर आत्याला तलाव बघायचाच होता. पल्लवांच्या काळातला वैरमेघ तटाक, रिक्षाने गेलो, पाणी होतं, ती बराच वेळ बांधाकडे बघत होती आणि गाळ कोण काढतं म्हणून रिक्षावाल्या अण्णांना खुणांनी विचारत होती. सुंदर वरदराज पेरुमाळचं तीन मजली देऊळ धावतपळत झालं, ते खरं तर निवांत बघण्यासारखं आहे. जेवण एका साध्या मेसमधे केळीच्या पानावर, आणि वाढणाऱ्या बाईंनी आत्याला नको म्हणू दिलं नाही.

परतीच्या ट्रेनमधे मी आत्याला विचारलं की आपल्या वॉर्ड तीनचं काय लिहिलेलं आहे कुठे. मासिक सभेची प्रोसिडिंग बुकं, जुन्या मतदार याद्या, कोण किती मतांनी आलं, ठराव. ती म्हणाली दप्तर गोण्यांमधे भरून गेलं, टेंपोत चढवताना तिने बघितलंय. नंतर एका कार्यालयात मी स्वतः चौकशी केली होती तर "इथे नाही, तिकडे विचारा" एवढंच उत्तर मिळालं, आणि तिकडे गेल्यावरही तेच. मला याचा फार राग येतो. गावाने इतकी वर्षं कुणाला निवडलं, कुठल्या गल्लीला आधी गटार मिळालं आणि कुठल्या वस्तीला शेवटी, पहिला बोअर कुणाच्या जागेत घेतला, हा सगळा इतिहास त्या गोण्यांत आहे आणि गोण्या कुठे आहेत ते कुणी सांगत नाही.

म्हणून गुलबर्ग्याच्या पुढे कुठेतरी आम्ही सुरुवात केली. आत्या सांगत होती, मी मोबाईलमधे टाईप करत होते, वॉर्ड तीनची हद्द कुठून कुठे होती (ओढा, मारुती मंदिर, मग वरची आळी, मग खिंडीकडचा रस्ता), तिच्या आधी कोण सदस्य होतं, तिच्याविरुद्ध कोण उभं होतं आणि कुठलं चिन्ह, कुठल्या ठरावाला तिने एकटीने विरोध नोंदवला. दौंड आलं तरी ती बोलतच होती. गावातलं कुणी हे वाचत असेल आणि घरात जुनी पत्रकं, मतदार याद्या, सरपंचांच्या सहीचे दाखले, काहीही पडलेलं असेल तर फेकू नका, मला फोटो काढू द्या. वॉर्ड एक आणि दोनमधलं कुणी असेल तर फारच बरं, तिकडचं आत्याला फारसं माहिती नाही.