पट्टीखाली झाकलेला भाव

सोयाबीन घरात येऊन पडलं की आमच्या गल्लीत मोबाईलचा मुख्य उपयोग एकच. दारव्ह्याला काय भाव निघाला, यवतमाळला काय, वाशिमला काय. पान उघडतं, आकडे दिसायला लागतात आणि नेमक्या हव्या त्या ओळीवर खालून एक पट्टी सरकत येते. 'वुई व्हॅल्यू युवर प्रायव्हसी.' आपल्या मोबाईलमध्ये 'कुकी' नावाच्या नोंदी ठेवायची परवानगी मागणारी ही पट्टी. तिच्यात एक ठसठशीत हिरवं बटण, 'ॲक्सेप्ट ऑल'. शेजारी करड्या, बारीक अक्षरात 'मॅनेज ऑप्शन्स'. भाव पट्टीच्या खाली आहे, मग बोट कुठं जाणार? याला पुढे कागदोपत्री 'संमती' म्हणतात.

शेजारचे काकाजी भाव पाहायला माझ्याकडे येतात. त्यांच्या मते माझ्या मोबाईलमध्ये भाव जास्त दिसतो. मी करड्या बटणात शिरून एकेक खटका बंद करत बसले की त्यांचा जीव वरखाली होतो.

"काहून येवढं कुटाणं करतं वं पोरी? दाब ना हिरवं. आपल्याले काय लपवाचं हाय? सातबारा तं सरकारच साऱ्या जगाले दाखवते!"

सातबाऱ्याचं खरं आहे. महाभूलेख या सरकारी साइटवर गट नंबर टाकला की कोणाचंही वावर कोणालाही दिसतं. आणि तसं पाहिलं तर गावात झाकलेलं असतं तरी काय? कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा पोरगा पुण्याहून नोकरी सोडून आला, कोणाच्या पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, हे पारावर आधी कळतं आणि घरात नंतर. बसमध्ये चढलं की मागच्या सीटवरून "कोनाची होय तू?" आलंच, आणि उत्तर दिल्याशिवाय तालुक्यापर्यंत सुटका नाही.

पण याच काकाजींना कोणी विचारावं, यंदा एकरी किती झाली? "झाली आपली खायापुरती." मधल्या खोलीत चुंगड्या आढ्याला लागलेल्या असतात. कर्ज किती, हे सख्ख्या भावाला सांगत नाहीत. सोयरीक पक्की होईपर्यंत पाहुण्यांचं गाव सांगत नाहीत. आणि व्यापाऱ्यासमोर तर चेहरासुद्धा कोरा. पोरीचं लग्न माघात आहे आणि माल विकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याला कळलं की तो किती घट्ट बसेल हे काकाजींना कोणी शिकवायला नको. लपवायचं काय, यापेक्षा कोणापासून, हा हिशेब गावाला चांगला जमतो. पारावरच्या माणसाला माझं ठाऊक असतं, पण मलाही त्याचं ठाऊक असतं. पट्टीमागे कोण बसलंय हे मात्र काकाजींना दिसत नाही.

कुकी ही मूळ वस्तू तशी साधी. वेबसाइटला स्वतःची आठवण नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तिच्या लेखी तुम्ही नवेच. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुणाने तोड काढली. साइटने एक छोटी नोंद तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचून तुम्हाला ओळखायचं. हीच कुकी. ती नसती तर दर पानाला पासवर्ड मागितला असता. ही नोंद बिचारी निरुपद्रवी.

भानगड तिसऱ्याची आहे. भावाच्या पानावर जाहिरातीची जी चौकट असते, ती त्या साइटची नसते. ती दुसऱ्याच कंपनीकडून येते आणि आपली वेगळी नोंद ठेवून जाते. तीच कंपनी हवामानाच्या पानावर असते, फवारणीच्या औषधांच्या पानावर असते, मंगल कार्यालयांच्या यादीतही असते. सगळीकडे तोच ओळखक्रमांक. काकाजींचं नाव तिला नको आहे. हा मोबाईल रोज सोयाबीनचा भाव पाहतो, परवा त्याने कार्यालयाचं भाडं पाहिलं, काल सोनेतारण कर्जाचा व्याजदर पाहिला, एवढं जुळलं तरी पुरे. पान उघडता उघडता, डोळ्याची पापणी लवायच्या आत, त्या चौकटीचा लिलाव होऊन जातो. या मोबाईलला जाहिरात दाखवायला कोण किती देणार? बाजार समितीतल्या हर्रासासारखाच. फरक इतकाच की तिथे आपण निदान आपल्या ढिगाजवळ उभे असतो.

हे सांगितल्यावर काकाजी जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे लग्नाचं त्याइले मालूम हाय?"

माझी रीत सांगते. 'रिजेक्ट ऑल' दिसलं की तेच दाबायचं. पान तसंच उघडतं, काही बिघडत नाही. ते नसेल तर 'मॅनेज'मध्ये जायचं. तिथे कधी कधी शेकडो 'पार्टनर्स'ची यादी निघते. (एवढे भागीदार गावच्या सामायिक विहिरीलाही नसतात.) 'लेजिटिमेट इंटरेस्ट' नावाचा, म्हणजे 'आमचं रास्त काम आहे' असं सांगून संमती न विचारता माहिती वापरण्याचा, दुसरा कप्पा असला तर तो आवर्जून पाहायचा, कारण तिथले खटके बहुधा आधीच चालू असतात. फारच लांबलं तर ती साइट सोडून सरळ राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या साइटवर जायचं, भाव तिथेही असतात.

खरा उपाय मात्र एकदाच करायचा आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज', म्हणजे त्या तिसऱ्याच्या नोंदी, बंद करता येतात. सफारीने २०२० पासून त्या स्वतःहूनच अडवल्या, फायरफॉक्सही माग काढणाऱ्यांना अडवतो. गुगलनेही त्या काढून टाकू असं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेत सोडला. ज्याची चूल जाहिरातीवर पेटते त्याच्याकडून मला वेगळी अपेक्षा नव्हती. एक गंमत ध्यानात ठेवावी. आपण 'नाही' म्हटलं, हे लक्षात ठेवायलाही साइट कुकीच वापरते. म्हणून सगळं पुसून टाकलं की पट्टी पुन्हा हजर.

ही पट्टी आपल्याकडे आली ती युरोपच्या कायद्यांमुळे. २०१८ मध्ये तिथे जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. होकार एका टिचकीत आणि नकाराला मात्र चार, या कारणावरून फ्रान्सने २०२२ च्या सुरुवातीला गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड लावल्याचं जाहीर केलं. नकाराचं बटण दूर नेऊन ठेवण्यातही लबाडी असते, हे कोणीतरी दंड लावून सांगितलं याचं मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्यात संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय ठेवायला सांगितली आहे. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं, असंही आहे.

काकाजींना मराठीचं आवडलं, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"अन् मी इचारलं का मायं कोनाकोनाले सांगतलं, तं?"

"संमती देऊन दिलेल्या माहितीबद्दल सांगावं लागेल, काकाजी. तसा हक्कच दिलाय. पण नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि हा भाग लागू व्हायला १८ महिने ठेवलेत. म्हणजे मे २०२७."

"म्हंजे पेरनीच्या आंधी." त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "तवरोक मायातलंबी ते बंद करून दे." आणि लॉक उघडायचा नंबर त्यांनी अंगणात उभ्या उभ्या, समोरच्या घरालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितला.