साडेतीनचा दिवा

पहाटे साडेतीनला स्वयंपाकघरात दिवा दिसला. आई पाटावर बसून मटार सोलत होती.

"झोप नाही आली?"

"या वयात कुठली आलीय झोप! तू जा, पड जरा."

बीपीची गोळी ती कधी चुकवत नाही. शुगरचे आकडे वहीत लिहून ठेवते. झोपेचं मात्र डॉक्टरांना एकदाही सांगितलेलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही, ते जास्त टोचलं.

लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले होते. पन्नाशीत पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना एकाहून अधिक जुनाट आजार जडण्याचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा ३० टक्के जास्त. मी पन्नाशीतच आहे. आईची पन्नाशी तर आमचे डबे करण्यात गेली.

पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे.

तुमच्या घरी रात्री कोण जागं असतं?