पाहुणे सकाळपर्यंत थांबले

फेब्रुवारीत एका रविवारी आप्पांना फोन केला आणि सांगितलं की काल इथं पियानोच्या कार्यक्रमाला गेले होते, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "साथीला कोण होतं?" मी म्हणलं कुणीच नाही, एकटा माणूस दोन तास वाजवत होता. "एकटाच? ठेका धरायला पण कुणी नाही?" मग जरा थांबून म्हणले, "मग लई तयारीचा माणूस असंल."

होताच तयारीचा. आणि तेव्हापासून हे सगळं लिहून काढायचं डोक्यात होतं, खास करून गावाकडं सप्ताहात टाळ धरून उभं राहणाऱ्या पोरापोरींसाठी.

आमचं गाव केज तालुक्यात. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो, पहाटे काकडा, दिवसभर पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री नऊ ते अकरा कीर्तन, रोज वेगळे महाराज, वेशीत मोठा फ्लेक्स लागतो त्यावर सगळ्यांचे फोटो. आप्पा चाळीस वर्षं झाली त्या सप्ताहात मृदंग वाजवायलेत. मी सध्या ओहायोत, क्लीव्हलंडच्या बाजूला राहायले, ह्यांची नोकरी इकडं आहे म्हणून. घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर ओबर्लिन नावाचं गाव आहे, गावच म्हणायचं, वस्ती आठ हजारांच्या थोडी वर, म्हणजे केजपेक्षा सुद्धा लहान. पण त्या गावात संगीताचं महाविद्यालय आहे ते १८६५ सालचं, आणि बाहेरचे मोठे कलाकार बोलवून कार्यक्रम करायची त्यांची मालिका १८७८ पासून चालू आहे. मला ही मालिका कळली तेव्हा सरळ सप्ताहच डोळ्यापुढं आला. लहान गाव, ठरलेला काळ, बाहेरून येणारे पाहुणे आणि ऐकायला अख्खं गाव.

शेजारच्या आजी तिथल्याच, त्या तरुणपणापासून ह्या कार्यक्रमांना जातात, त्यांनी मला नेलं. कार्यक्रम होतो एका जुन्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या हॉलमध्ये, १९०८ चं बांधकाम, बसायला लाकडी बाकं, समोर ऑर्गनचे उंचच्या उंच पाइप. आजींनी मला ओढत डाव्या बाजूला नेलं, कारण पियानो आडवा ठेवतात आणि डावीकडं बसलं की वाजवणाऱ्याचे हात दिसतात. आम्ही अर्धा तास आधी गेलो होतो आणि त्या अर्ध्या तासातच मला माझ्या घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

स्टेजवर काळा शर्ट घातलेला एक माणूस पियानोत वाकून उभा होता, ट्यूनर, म्हणजे सूर लावणारा. पियानोला पट्ट्या ८८ पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकजीव लागल्या पाहिजेत. तो दोन तारांमध्ये फेल्टचा तुकडा दाबून त्यांना गप्प करायचा, उरलेली एक वाजवायचा, हातातला पाना केसाएवढा फिरवायचा, परत वाजवायचा, मग फेल्ट काढून दुसरी. मान वाकडी, डोळे मिटलेले. आजी सांगत होत्या की हिवाळ्यात इथं घराघरात हीटर चालतात, हवा कोरडी पडते, आतली लाकडी पाटी आकसते आणि सूर उतरतो, म्हणून हॉलमधला ओलावा सुद्धा सांभाळावा लागतो. मला आप्पा दिसले. आषाढात कातडं सैल पडलं की मृदंग बल्बखाली धरून बसणारे, कीर्तनाच्या आधी परातीत कणीक भिजवून धुम्यावर, म्हणजे मृदंगाच्या खर्जाच्या तोंडावर, लावणारे, थोडी लावायची, थाप मारायची, कान द्यायचा, नखानं चिमूटभर काढायची, परत थाप. मग हातोडीनं गट्टे ठोकत शाईकडची बाजू पेटीच्या सुराला आणायची. सगळी पंगत जेवून यायची तरी आप्पांचं चालूच असायचं आणि आई ओरडायची, पण आप्पा म्हणायचे, "पाहुणा महाराज उभा राहिला आणि मृदंग बेसूर निघाला तर गावाची शोभा जाती." इथं तो काळ्या शर्टातला माणूस तेच करायला होता, पाहुण्यासाठी गावाची शोभा राखत होता. इंटरव्हलमध्ये लोक कॉफीला गेले तेव्हा तो परत आला आणि अजून दोन-चार सूर नीट करून गेला, त्याच्यासाठी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, मी मात्र वाजवल्या.

आणि ताण किती असतो त्या तारांचा तर सगळा मिळून १८ ते २० टन, म्हणजे उसानं भरलेल्या ट्रकमधला माल जवळपास, म्हणून आत अख्खी ओतीव लोखंडाची चौकट बसवलेली असते. असा एक नाही, त्या कॉलेजात नुसते स्टाइनवे कंपनीचे पियानो दोनशेच्या वर आहेत आणि सरावाच्या खोल्यांच्या रांगा. जिथं पोरांना रोज चांगल्या वाद्यावर हात ठेवायला मिळतो तिथं फरक पडतोच, आपल्याकडं सात पोरं एका पेटीभोवती बसतात.

पहिल्या भागात बाख आणि बेथोवन झालं. ते छान होतं पण मला अजून त्यातलं फार कळत नाही. दुसऱ्या भागात एकच रचना, शूबर्ट नावाच्या संगीतकाराची शेवटची सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, बी फ्लॅट ह्या सुरातली. हा माणूस सप्टेंबर १८२८ मध्ये ही पुरी करतो आणि १९ नोव्हेंबरला जातो, वय फक्त ३१. चाळीसेक मिनिटांची रचना आहे आणि सुरू होते अगदी हळू, कुणीतरी पहाटे स्वतःशीच अभंग गुणगुणावा तशी. आणि सुरुवातीलाच ती ओळ संपते तिथं डाव्या हाताला, पार खाली खर्जात, एक बारीक थरथर येते, दोन शेजारच्या पट्ट्या लगालगा, पण इतक्या हलक्या की वाजल्या का भास झाला कळत नाही. मग शांतता. माझ्या अंगावर काटा आला. रात्री जागराला सगळे पेंगलेले असतात आणि आप्पा नुसती बोटं धुम्यावर टेकवून घुमवतात ना, तो आवाज. दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात लिहिलेला सूर आणि मला आठवली मंदिराची ओसरी, तिथली शेणानं सारवलेली जमीन.

वाजवणारे पाहुणे साठीच्या पुढचे, समोर कागद नाही, सगळं पाठ. असं एकट्यानं कार्यक्रम करायची आणि त्याला रिसायटल म्हणायची पद्धत लिस्ट नावाच्या पियानोवाल्यानं लंडनमध्ये १८४० साली रूढ केली, त्याआधी एका कार्यक्रमात गाणारे, वाजवणारे असे चार-पाच जण असायचे. सोनाटाचे चार भाग, मध्ये कुणी टाळी वाजवत नाही. आपल्याकडं महाराजांनी एक चाल घेतली की सगळा मांडव "विठ्ठल विठ्ठल" करून उठतो, इथं हजार माणसं श्वास धरून बसतात, आणि मला तरी दोन्हीत भक्ती दिसली.

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

पाहुणे रात्री निघून गेले नाहीत. सकाळी दहा वाजता छोट्या हॉलमध्ये त्यांचा मास्टरक्लास, म्हणजे सगळ्यांसमोर शिकवणी, होता, कुणीही येऊन बसावं. स्टेजवर दोन पियानो शेजारी शेजारी, एकावर विद्यार्थी, दुसऱ्यावर पाहुणे. एक वीस वर्षांची मुलगी आली, तिनं तीच शूबर्टची सुरुवात वाजवली. पाहुण्यांनी ऐकून घेतलं, मग तिला म्हणाले की वाजवू नकोस, गाऊन दाखव. ती लाजली, आवाज फुटेना, त्यांनी स्वतः गायला सुरुवात केली, जाडाभरडा आवाज, मग ती त्यांच्याबरोबर गायली, आणि गाताना जिथं तिनं श्वास घेतला तिथं बोट ठेवून ते म्हणाले, इथंच तुझ्या हातानं पण श्वास घ्यायचा. त्यानंतर नुसत्या त्या खर्जातल्या थरथरीवर वीस मिनिटं घालवली. तिचं मनगट खालून आपल्या बोटांवर तोलून धरलं, वजन इथून सोड म्हणाले, परत, अजून हळू, परत. शेवटी एकदा ती तशी वाजली आणि हॉलमधली सगळी पोरं एकदम हसली, आनंदानं.

आप्पांना हे सांगितलं तर ते उठूनच बसले. "म्हंजी त्यांच्यात पण आधी तोंडानं म्हणायचं आणि मग हातानं? पढंत हाय की ही!" आणि मग म्हणले, "आपल्याकडं नाही थांबत कुणी."

खरंय. आपल्याकडं सप्ताहाला आळंदीत शिकून आलेले एकेक मृदंगाचार्य येतात, रात्री अकराला कीर्तन संपतं, नारळ-शाल-पाकीट होतं आणि गाडी चालूच असते, कारण उद्या दुसऱ्या गावाला सेवा. एका वर्षी माझा चुलतभाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा, एका बोलाबद्दल विचारायला गाडीपर्यंत पळत गेला होता, काच वर गेली आणि तो धुळीत उभा राहिला. मी त्या महाराजांना दोष देत नाही, त्यांना पण रात्रीतून सत्तर किलोमीटर जायचं असतं. पण आपण कधी थांबा म्हणलं तरी का? आपण मुक्कामाची सोय केली का, सकाळी पोरं गोळा केली का? वर्गणीत मांडव, साउंड, महाप्रसाद सगळं बसतं, एका सकाळीला खर्च तो किती. मी हे आप्पांना अगदी तळमळीनं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, काही म्हणले नाहीत.

या चैत्रात सप्ताह झाला. चौथ्या दिवशी रात्री इथं साडेनऊ वाजले होते, तिकडं सकाळचे सात, आप्पांचा व्हिडिओ कॉल. मंदिराचा सभामंडप, सतरंजीवर चौदा पोरं आणि दोन पोरी, त्यातली एक माझी भाची, मांडीवर मृदंग मावत नाही तिच्या. समोर रात्रीचे मृदंगाचार्य, आंघोळ करून, कपाळाला बुक्का, चहाची कपबशी बाजूला. आप्पांनी त्यांना आमच्याच घरी मुक्काम करायला लावला होता, आईनं थालीपीठं केली होती. ते भाचीला म्हणत होते, हात ठेव खाली, आधी म्हण.

ती म्हणाली, "धा."

"पोटातून म्हण."

आप्पांनी फोन तिच्याजवळ धरला.