आमची वाटचाल: शिक्का नको, आकडे घ्या

आमच्या मोजमापाच्या कामाची सुरुवात अगदी साधी होती. एक सरफेस प्लेट (मोजायला आधार देणारा अगदी सपाट पाट), सिलिंडरचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज, थोडे मायक्रोमीटर आणि छोट्या कारखान्यांचे जॉब. सिलिंडर किती खाल्लाय, क्रँक किती झिजलाय ते मोजायचं, कागदावर लिहून द्यायचं, बिल फाडायचं. पैसे उशिरा यायचे, पण यायचे. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मग एक ग्राहक आले. स्वतः बांधलेल्या हलक्या विमानात त्यांनी माझ्दाचं १३बी रोटरी इंजिन बसवलं होतं. भाग टेबलावर मांडले आणि आमचं निम्मं सामान बिनकामाचं ठरलं. इथे गोल सिलिंडरच नाही, बोअर गेज घालणार कुठे? कमरेत दाबलेल्या लंबगोलासारख्या हाउसिंगमध्ये तिकोनी रोटर फिरतो. शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा त्याची एक. या आकाराची मूळ त्रिज्या, म्हणजे रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर, १०५ मिमी आणि शाफ्टची उत्केंद्रता, म्हणजे शाफ्टच्या आणि रोटरच्या केंद्रांमधलं अंतर, १५ मिमी. त्यामुळे रोटरच्या टोकावरची अपेक्स सील (वायू गळू न देणारी पट्टी) फिरताना दोन्ही बाजूंना साधारण २५ अंश कलते आणि तिची झीज एका रेषेवर न राहता पूर्ण गोलाईवर पसरते. मध्यावर मायक्रोमीटर लावून ‘चालेल’ म्हणणारे बरेच भेटतात. आम्ही मध्य आणि दोन्ही टोकं मोजतो, वाक वेगळा पाहतो आणि ज्या खाचेत सील बसते ती खाचही तपासतो. सील नवी घालता येते, रुंदावलेली खाच तशीच राहते.

सगळ्यात जड गेला तो खोलीचा खर्च. रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, रुंदी ८० मिमी. तापमान १० अंशांनी वाढलं की ही रुंदी सुमारे ०.०१८ मिमीने वाढते. रोटरच्या बाजूची बीडाची भिंत, म्हणजे साइड हाउसिंग, त्याच्या निम्मंच फुगतं. आता मागच्या तपासणीशी तुलना करायची आणि त्या वेळी खोली गार होती, आज गरम आहे, तर आपण झीज मोजतोय की ऊन? म्हणून २० अंशांवर स्थिर राहणारी खोली केली. जॉब आणि स्लिप गेज (अचूक जाडीचे प्रमाण ठोकळे) रात्रभर तिथेच एकत्र पडून राहतात. सीएमएम, म्हणजे टोक टेकवून भागाची मापं घेणारं संगणकीय यंत्र, नंतर आलं, आणि माझ्या मते त्याची मिजास थोडी जास्तच होते. साइड हाउसिंगवर रोटरच्या बाजूच्या सीलने घासून पाडलेली पायरी शोधायला आजही डायल गेज पुरतो.

खरा वाद मर्यादांवरून होतो. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे ही पायरी ०.१० मिमीपर्यंत चालते, आणि ८ मिमी उंचीची नवी अपेक्स सील ६.५ मिमीपर्यंत. पण गाडीचं इंजिन पूर्ण ताकदीवर क्षणभर चालतं. विमानाचं तासन्‌तास मोठ्या भारावर. मर्यादेच्या आत असलेला भाग पुढच्या किती तासांत बाहेर जाईल, हे मॅन्युअल सांगत नाही. ते दोन तपासण्यांमधल्या फरकातून आणि मधल्या उड्डाणाच्या तासांतून कळतं. म्हणून आमच्या अहवालात ‘पास’ हा रकानाच नाही. आकडे आहेत, मापनातली अनिश्चितता आहे, मोजलेल्या जागांचा नकाशा आहे. उड्डाणयोग्यता ठरवायचा अधिकार ज्याचा, त्याने ती ठरवावी. एका ग्राहकाने यावर चिडून काम काढून घेतलं. तरी ‘पास’चा शिक्का मारला नाही.

आता छोटी सिंगल रोटर इंजिनंही येतात, मोटर ग्लायडरची आणि मानवरहित विमानांची. त्यांचे तक्ते सहसा हाताशी नसतात, मग नव्या भागाशीच ताडून पाहावं लागतं. घासून सपाट केलेलं साइड हाउसिंग आलं तर आधी त्याचा कडकपणा बघतो, कारण घासताना नायट्रायडिंगचा (नायट्रोजन मुरवून कडक केलेला) थर निघून गेलेला असू शकतो. मग पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि भराभर झिजतो.

भाग पाठवणाऱ्यांना एक विनंती. कार्बन सॉल्व्हंटने धुवा, एमरी पेपर मारू नका. आम्ही मोजायच्या आधीच मायक्रॉन निघून जातात. आणि कोणती सील कोणत्या रोटरच्या कोणत्या टोकाची, हे पाकिटावर लिहा. सगळ्या एकाच पिशवीत आल्या तर उंची सांगू शकतो, झिजण्याचं कारण नाही.