साठचा दिवा आणि शंभरचा दिवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून द्यावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मी दुकानात एका जळालेल्या मोटरची गुंडाळी उपसत बसलो होतो, आणि शाळेची आठवण म्हणून जे प्रथम डोळ्यांपुढे आले ते स्नेहसंमेलनही नव्हते आणि सहलही नव्हती; ते होते प्रयोगशाळेतल्या लाकडी फळीवरचे दोन दिवे.

१९८६-८७ साली आम्ही दहावीत होतो. ओहमचा नियम पडताळण्यासाठी प्रत्येक गटाला एक ॲमीटर, एक व्होल्टमीटर, रिओस्टॅट म्हणजे धारा कमीजास्त करणारा रोध, नायक्रोमची तार आणि दोन विद्युतघट म्हणजे सेल मिळत. तारेच्या टोकांमधील विभवांतराला, म्हणजे व्होल्टेजला, तिच्यातून वाहणाऱ्या विद्युतधारेने भागले की रोध मिळतो, म्हणजे एका व्होल्टला ०.२ अँपिअर धारा वाहिली तर रोध ५ ओहम, एवढे गणित सर्वांना येत होते. अडचण घटांची होती. कळ लावून ठेवली की ते जुने घट दमत आणि व्होल्टमीटर वाचून ॲमीटरकडे नजर वळेपर्यंत त्याचा काटा खाली सरकलेला असे, त्यामुळे भागाकार कधी ५.२ तर कधी ५.६ येई. मी वहीत सगळीकडे ५ लिहून मोकळा झालो. सरांनी तांबड्या शाईने शेरा दिला, ‘तार इतकी आज्ञाधारक नसते. प्रयोग पुन्हा करावा.’ दुसऱ्या खेपेस त्यांनी दोन काटे दोघांना एकाच क्षणी वाचायला लावले आणि वाचन होताच कळ काढायला सांगितली. खुद्द ओहमलाही घटांनी असेच सतावले होते, हे त्यांनीच आम्हांला सांगितले. जर्मनीतल्या कोलोनच्या एका शाळेत शिकवणाऱ्या या शिक्षकाने अखेर घट बाजूला ठेवले आणि बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून मिळणाऱ्या स्थिर धारेवर मोजमापे घेतली. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामागे ही मोजमापे आहेत.

पुढच्या आठवड्यात विद्युतशक्तीचा पाठ आला. विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती, हे सरळ होते. पण ओहमचा नियम त्यात घालून सरांनी फळ्यावर आणखी दोन रूपे लिहिली : धारेचा वर्ग गुणिले रोध, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध. एका रूपात रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यात ती घटते. मग खरे कोणते, असे कोणीतरी विचारले. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कपाटातून ती फळी काढली, तिच्यावर साठ वॅटचा आणि शंभर वॅटचा असे दोन दिवे एकसर, म्हणजे एकाच्या पुढे एक, जोडले आणि अधिक उजेड कोणाचा पडेल, असे विचारले. सगळ्या वर्गाने शंभरच्या दिव्यासाठी हात वर केले, त्यात माझाही होता. कळ दाबताच साठचा दिवा मंद पिवळा पेटला आणि शंभरच्या दिव्याची तार जेमतेम लालसर दिसली.

हिशेब नंतर झाला. २३० व्होल्टवर साठच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि शंभरच्या दिव्याचा ५२९ ओहम. घरात दोन्ही दिवे समांतर असतात, दोघांना व्होल्टेज सारखेच मिळते, म्हणून ज्याचा रोध कमी तो जास्त उजळतो. फळीवर मात्र दोघांतून धारा सारखीच, सुमारे ०.१६ अँपिअर, वाहत होती. म्हणून ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला तेवीस वॅट आणि दुसऱ्याच्या वाट्याला चौदाच वॅट आले. प्रत्यक्षात तफावत याहून मोठी असते, कारण टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतकाच भरतो आणि कमी तापलेला शंभरचा दिवा आणखीच मागे पडतो. थोडक्यात, दोन्ही रूपे खरीच होती. काय कायम राहते हे आधी पाहायचे होते.

माझी पंचाईत मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाली. रब्बीच्या दिवसांत व्होल्टेज उतरले की वडिलांच्या दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागे. व्होल्टेज २३० वरून १८० वर आले तर दीड हजार वॅटची शेगडी वर्गाच्या हिशेबाने ९२० वॅटवर येते, ती बिचारी गारच होते. मग मोटर जळते कशी? सर म्हणाले, ‘उद्या सांगतो.’ शिक्षकाच्या तोंडून असे शब्द मी प्रथमच ऐकले आणि त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी समजावले. मोटरच्या गुंडाळीचा रोध दोन ओहम असेल तर २३० भागिले दोन म्हणजे ११५ अँपिअर धारा यायला हवी, पण चालती मोटर सातच अँपिअर घेते, कारण फिरताना ती येणाऱ्या व्होल्टेजला स्वतःच विरोध करत असते. व्होल्टेज उतरले तरी विहिरीतले पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. मोटर मंदावते, विरोध कमी होतो, धारा वाढते. धारा दीडपट झाली की तारेतली उष्णता सव्वादोन पट होते.

मी हे घरी सांगितले, तेव्हा वडील हातातली तार खाली न ठेवता म्हणाले, ‘म्हणजे दुकानात नुसती फिरवून बघून उपयोग नाही, विहिरीवर पाण्यासकट करंट बघायला पाहिजे.’ पुढच्या वर्षी त्यांनी टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून धारा मोजणारे यंत्र, घेतला. तेव्हापासून आमच्या दुकानाच्या प्रत्येक पावतीमागे, गिऱ्हाइकाने विचारो वा न विचारो, विहिरीवर मोजलेले व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात.