तेवीस महिन्यांची गाडी

आमची गाडी 2012 सालची आहे. चालकाच्या बाजूची काच वर घेताना एका हाताने बटण दाबून दुसऱ्या हाताच्या तळव्याने तिला आधार द्यावा लागतो, आणि ही कसरत माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी हात आपसूक काचेकडे जातो. गेल्या मे महिन्यात चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेट उघडून आम्ही दीड तास रस्त्याच्या कडेला बसलो, आणि नव्या गाडीचा विषय तिथेच निघाला.

शोरूममधली किंमत साडेअकरा लाख होती. तिच्यावर राज्याचा 12 टक्के एकरकमी वाहनकर, गाडी 10 लाखांच्या वरची म्हणून आणखी 1 टक्का कर (तो पुढे आयकरात वळता होतो, एवढेच समाधान), विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी आणि सीट कव्हरे असे चढत चढत 'ऑन-रोड'चा आकडा 13 लाख 80 हजारांवर थांबला.

खरी अडचण माझ्या वहीची आहे. पन्नाशीला नोकरी सोडायची असे मी ठरवले आहे आणि त्यासाठी वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमवायची, हा प्रसिद्ध आडाखा त्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे. घरखर्च महिना 60 हजार धरला तर ती रक्कम 1 कोटी 80 लाख होते. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये केलेला हा हिशेब अमेरिकी बाजाराचा आणि तीस वर्षांच्या निवृत्तीचा आहे. आपल्याकडची महागाई आणि पन्नाशीनंतरची चाळीस वर्षे त्यात बसत नाहीत, म्हणून मी रक्कम वाढवूनच धरतो. वडील राज्य शासनाच्या सेवेतून 58व्या वर्षी निवृत्त झाले, निवृत्तिवेतन घेऊ लागले आणि आयुष्यभर स्कूटरवर समाधानी राहिले. त्यांना अशी वही कधी लागली नाही.

त्या रात्री मी 13 लाख 80 हजारांना 60 हजारांनी भागले. उत्तर आले तेवीस. म्हणजे ही गाडी घेतली तर तेवीस महिन्यांची मोकळीक शोरूममध्येच ठेवून यायची, आणि विम्याच्या कोष्टकाप्रमाणे पाच वर्षांत तिचे मूल्य निम्म्यावर आलेले पाहायचे. कर्ज काढले तरी सुटका नाही: 10 लाखांना 9 टक्क्यांनी सात वर्षे दरमहा सुमारे 16 हजार, म्हणजे व्याजाचेच साडेतीन लाख.

हिशेब ऐकून बायको शांतपणे म्हणाली, "पन्नाशीनंतर तू चिपळूणच्या घरी राहणार ना? मग तिथे जाणार कशाने?"

याचे उत्तर वहीत नव्हते. मनातल्या मनात मात्र मी कबूल केले की मोकळ्या वेळाचे जे चित्र मी रंगवतो, त्यात घाट चढणारी, न तापणारी एक गाडी आधीपासूनच उभी आहे. फक्त तिची किंमत मी कुठल्याच रकान्यात मांडलेली नाही.

तूर्त रेडिएटर बदलून घेतला. होजपाइप आणि कूलंट धरून 6 हजार रुपये झाले, आणि दिवसाला 2 हजारांच्या भावाने मी वहीत 'तीन दिवस' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर खाली बायकोच्या अक्षरात एक ओळ होती: 'घाटातला दीड तास धरला का?'